भाड्याची गाडी घेण्याआधी परमिटच्या मुखपृष्ठावरची तारीख बघा

परदेशात गाडी भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं का? याचं एका शब्दात उत्तर नाही, कारण तुमची कागदपत्रं तपासणारे तिघं असतात: गाडी देणारी कंपनी, रस्त्यावर अडवणारे पोलीस आणि अपघात झालाच तर विमा कंपनी. काउंटरवर चावी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत सर्वांत घातक. त्या देशाच्या कायद्यानुसार परमिट लागत असेल आणि ते तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही वैध लायसन्सशिवाय गाडी चालवत होता असं धरलं जाऊ शकतं. मग दावा नाकारायला विमा कंपनीला ते कारण पुरतं आणि नुकसानीचा सगळा खर्च तुमच्यावर येतो. वर घेतलेलं जादा संरक्षणही अशा वेळी उपयोगाला येत नाही, कारण बहुतेक करारांत वैध लायसन्सची अट असतेच.

परमिट म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे. तुमच्या मूळ लायसन्सचं ते अनेक भाषांतलं अधिकृत भाषांतर आहे. त्यामुळे नुसतं परमिट दाखवून भागत नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच, तेही हातात धरता येईल असं. फोनमधलं लायसन्स किंवा झेरॉक्स काउंटरवर सहसा चालत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे फार कमी जण लक्ष देतात. परमिट एकाच प्रकारचं नसतं. सध्या मुख्यतः रस्ते वाहतुकीच्या दोन आंतरराष्ट्रीय करारांखालची परमिटं चालतात: १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा करार आणि ८ नोव्हेंबर १९६८ चा व्हिएन्ना करार. दोन्हींच्या नमुन्यानुसार पुस्तिका १०५ बाय १४८ मिलिमीटरची, राखाडी मुखपृष्ठाची आणि आतून पांढरी. लांबून सारख्याच दिसतात. फरक मुखपृष्ठावरच छापलेला असतो: कराराची तारीख. जपान फक्त १९४९ चं परमिट मानतो. १९६८ चं दाखवलंत तर पुस्तिका कितीही अस्सल असली तरी गाडी मिळणार नाही. व्हिएतनाममध्ये नेमकं उलटं, तिथे १९६८ चंच लागतं. चीनच्या मुख्य भूमीवर दोन्ही चालत नाहीत, तिथे तात्पुरतं स्थानिक लायसन्स काढावं लागतं. म्हणून आधी ज्या देशात जायचं तो कोणत्या करारात आहे ते बघा आणि मग अर्ज करा. ब्रिटनसारखे काही देश दोन्ही प्रकारची परमिटं देतात. तिथे एका लांबच्या प्रवासासाठी दोन पुस्तिका काढायची वेळही येऊ शकते.

१९४९ चं परमिट एक वर्ष चालतं. १९६८ चं जास्तीत जास्त तीन वर्षं, पण मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपली तर तेही तिथेच संपतं. परमिट फक्त लायसन्स देणाऱ्या देशातच निघतं, तेव्हा विमानात बसण्यापूर्वी हे काम उरकायला हवं.

पुस्तिका हातात पडली की फोटोचं पान उघडा. तिथे वाहनांचे वर्ग आणि त्यांपुढे शिक्क्याची जागा असते. ‘बी’ पुढे शिक्का म्हणजे ३५०० किलोपर्यंतची आणि ड्रायव्हर सोडून आठ जागांपर्यंतची गाडी. बारा आसनी व्हॅन त्यात बसत नाही. ‘ए’ पुढे शिक्का नसेल तर मोटारसायकल चालवता येत नाही. दुचाकी भाड्याने देणारा अनेकदा हे पान उघडूनही बघत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनी नक्की बघते. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही तिथेच तपासा.

कायदा परमिट मागत नसला तरी कंपनी मागू शकते. लायसन्स रोमन लिपीत नसेल तर हमखास मागतात. त्यामुळे बुकिंगच्या अटींत ‘ड्रायव्हरची पात्रता’ हा भाग वाचा. तोही गाडी ज्या देशात घेणार त्या देशापुरता वाचा, कारण एकाच कंपनीचे नियम देशागणिक बदलतात. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचंही परमिट लागतं. कागद अपुरा म्हणून काउंटरवरून परत पाठवलं, तर आगाऊ भरलेले पैसे बहुतेक वेळा बुडतात.

आणि एक: इंटरनेटवर ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून दहा-वीस वर्षं मुदतीची प्लास्टिक कार्डं विकली जातात. अशी मुदत कुठल्याच करारात नाही. तुमच्या सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेकडूनच परमिट घ्या. परदेशात राहायलाच जाणार असाल तर ही पुस्तिका फार काळ कामाची नाही, ठरलेल्या मुदतीत स्थानिक लायसन्स काढावं लागतं.