घाटमाथ्यावरच्या खिडक्या : आमची वाटचाल

महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत आमचं काम सुरू झालं ते सागवानी चौकट, 4 मिमी काच, लांबी (पुट्टी) आणि बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) यावर. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हा ही एकेरी काच आतूनही हाताला झोंबते. मग गिऱ्हाईक जाड काच मागतं. तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण थंडी अडवते ती दोन काचांमध्ये कोंडलेली कोरडी हवा. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला, तर एकेरी काचेतून दर चौरस मीटरला साधारण 5.7 वॅट उष्णता निसटते. 12 मिमी पोकळीच्या दुहेरी काचेतून 2.8 आणि लो-ई लेप, म्हणजे उष्णता परत फेकणारा अतिपातळ थर, असेल तर दोनच्याही खाली.

हा लेप कुठल्या अंगाला आहे, ते तपासूनच आम्ही युनिट, म्हणजे सीलबंद दुहेरी काच, उतरवून घेतो. ऊब आत राखायची तर बाहेरून मोजत तिसरा पृष्ठभाग, म्हणजे आतल्या काचेची पोकळीकडची बाजू. उन्हाळी शहरांसाठी दुसरा. रात्री काचेसमोर पेटता लायटर धरला की प्रत्येक पृष्ठभागाची एक अशा चार ज्योती दिसतात. वेगळ्या रंगाची ज्योत लेपाची.

सगळ्यात जास्त शिकवलं ते उंचीनं. पुणे 560 मीटरवर, महाबळेश्वर सुमारे 1,370 वर. खाली सीलबंद केलेली हवा घाट चढताना फुगते. मोठी काच थोडी वाकून तो दाब सोसते. न्हाणीघराची 300 मिमी रुंदीची झडप वाकत नाही, म्हणून तडा तिलाच जातो, नाहीतर कडा सीलबंद करणारं चिकट ब्यूटाइल ताणून सुटतं. त्यामुळे वरच्या कामांसाठी आम्ही स्पेसरमध्ये (दोन काचांमधलं अंतर राखणाऱ्या कडेच्या पट्टीत) बारीक नळी ठेवलेली युनिट मागवतो. ही युनिट जागेवर उभी ठेवून दाब सारखा होऊ द्यायचा, मग नळीचं तोंड चिमटून बंद करायचं. हे भर पावसात करू नये. ओली हवा आत शिरते आणि स्पेसरमधले शोषक दाणे आधीच भरून जातात. पोकळीत हवेऐवजी भरतात तो आर्गॉन वायूही उघड्या नळीतून निघून जातो, म्हणून इथे त्याचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

बाकी दोष बहुतेक बसवण्यातले. युनिट थेट चौकटीवर टेकवलं की पावसाचं पाणी कडेशी साचतं आणि सील कुजतं. खाली, दोन्ही टोकांपासून पाव रुंदीवर, दोन ठोकळे हवेत. ते दोन्ही काचांना पुरतील इतके रुंद, निचऱ्याची भोकं मोकळी सोडून. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कडेला कधीच लावू नका, ते सील खातं. न्यूट्रल घ्या. 5+5 मिमीच्या काचेचं वजन चौरस मीटरला 25 किलो भरतं, तेव्हा जुन्या बिजागऱ्या बदलाव्याच लागतात. स्लायडिंगच्या फटीतून वारा येत असेल तर आधी तिथे गास्केटवाला (कडेला रबरी पट्टी असलेला) उघडता पल्ला बसवा, काचेचं नंतर पाहू.

बसवल्यावर बाष्प दिसलं की फोन येतो. आम्ही आधी विचारतो, कुठल्या बाजूला? पहाटे बाहेरून असेल तर काच नीट काम करते आहे. आतून असेल तर खोलीत दमट हवा कोंडली आहे. दोन काचांच्या मध्ये असेल तर सील गेलं. चौकट तशीच ठेवून फक्त युनिट बदलायचं.