टीव्ही एचडी, मग चित्र धूसर का दिसायलंय?

खानापूर, निपाणीकडं बऱ्याच घरात मोठा फुल एचडी टीव्ही आलाय आणि तक्रार एकच, चित्र जुन्या डब्यापेक्षा धूसर दिसायलंय की ओ. टीव्हीला दोष देऊ नका, आधी मागची वायर बघा! सेटटॉप बॉक्सपासून पिवळी-लाल-पांढरी पिन लावली असंल तर त्या पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही, ती अ‍ॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीची, आपल्याकडं जास्तीत जास्त ५७६ आडव्या ओळींचं चित्र, आणि पडद्यावर ओळी १०८०, मग टीव्ही तेच ताणून दाखवणार. एचडीएमआय केबल लावा. बॉक्स पण एचडी पाहिजे आणि चॅनेल पण, तिन्हीतलं एक राहिलं तरी उपयोग नाही.

आणि डिजिटल म्हणजे एचडी नव्हं, साधा सेटटॉप बॉक्स पण डिजिटलच असतोय. अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या पण बातम्या कळायच्या तरी, डिजिटलला तसं नाही, एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ आणि त्याखाली गेलं की चौकोन चौकोन होऊन बंदच, म्हणून आपल्याकडच्या जोराच्या पावसात डिशवाल्यांचे हाल होतात.

एचडी पॅकचे पैसे भरायच्या आधी घरातल्या आईआजींचे मराठी-कन्नड चॅनेल एचडीत मिळतात का तेवढं नक्की विचारा.