१२७५ ची नोंद: क्रँकने पुन्हा पाणी पाजलं

१२७५ म्हणजे बीएमसीचं १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन. त्याच्यासाठी आणलेल्या ज्या क्रँकची (पिस्टनच्या वरखाली हालचालीचं फिरणं करणाऱ्या दांड्याची) मागच्या नोंदीत मी इतकी मिरवणूक काढली होती, तो बाद झाला आहे. ज्यांनी तेव्हाच "चाचणी केल्याशिवाय नाचू नकोस" म्हणून बजावलं होतं, त्यांनी आता खुशाल हसून घ्यावं.

हातात आला तेव्हा माल झकास दिसत होता. मिनी कूपर एस गाडीचा, ईएन ४० बी पोलादाचा फोर्ज केलेला (ठोकून घडवलेला), नायट्राइड केलेला (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक केलेला) क्रँक. दोरीला उभा टांगून वेबवर (बेअरिंगच्या जागांना जोडणाऱ्या जाड भुजेवर) छोट्या हातोडीने टिचकी मारली, तर देवळातल्या घंटेसारखा खणखणीत वाजला, आवाज बराच वेळ रेंगाळला. मग वेबच्या कडेवर (जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर नव्हे, कृपा करून कोणी तो उद्योग करू नका) बारीक कानस फिरवली. कानस धरेचना, काचेवरून सरकावी तशी सरकली. म्हणजे नायट्राइड खरंच आहे. त्या रात्री मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर काढला. मेन (ज्यांवर क्रँक स्वतः फिरतो ते जर्नल) दहा थाऊ अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे बारीक (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ठीक. बिग-एंडच्या पिना (जिथे पिस्टनचे रॉड जोडले जातात) मात्र चक्क तीस थाऊ. विकणाऱ्याने "एकदाच ग्राइंड झालाय" असं सांगितलं होतं. एकदाच तीस थाऊ घेतले असतील, तर त्या माणसाच्या हाताला सलाम. तीस थाऊ म्हणजे प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटरचं अर्धं, साधारण ०.३८ मि.मी. नायट्राइडचा कडक थर मुळात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा, आणि खोल जाल तसा मऊ. म्हणजे वेबवर कानस सरकते आणि पिनेवरचा कडकपणा केव्हाच ग्राइंडिंगच्या पाण्याबरोबर वाहून गेलाय. ज्यासाठी हा क्रँक आणला, तेच नेमकं त्यात उरलं नव्हतं.

तरी मी मनाची समजूत काढली: पुन्हा नायट्राइड करून घेऊ. पण घोडं खरं पेंड खात होतं ते फिलेटपाशी. पीन जिथे वेबला मिळते तिथली गोलाई नखाने चाचपून पाहिली. तीन पिनांना नख अलगद वर चढतं, दोन नंबरच्या पिनेला मात्र मधल्या मेनच्या बाजूला टक्कन अडतं. मागच्या ग्राइंडरवाल्याने चाकाची कड नीट गोल न करताच आत घातली होती. क्रँक पिनेच्या मधोमध क्वचितच तुटतो, तुटतो तो या कोपऱ्यात. आणि ए-सिरीजला मेन बेअरिंगं तीनच, दर दोन पिनांच्या जोडीला दोन्ही बाजूंना एकेक आधार. वेग वाढला की मधला भाग वाकू पाहतो, आणि तो सगळा ताण याच कोपऱ्यांवर येतो.

चुंबकीय चाचणीला दिला (तिच्यात चमकणारी लोखंडी पावडर तड्यापाशी गोळा होते). अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली सगळा क्रँक जांभळट काळा, आणि त्या एका कोपऱ्यात पोपटी रंगाची रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी. पुसून पुन्हा पावडर टाकली, पुन्हा तिथेच. म्हणजे टिचकी मारून येणाऱ्या आवाजावर किती विसंबायचं ते कळलं. बद्द वाजला तर क्रँक नक्की गेला, खणखणीत वाजला म्हणून वाचला असं मात्र नाही.

दोन दिवस गॅरेजकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं: ओव्हरलॅपचं गणित. मेनची त्रिज्या अधिक पिनेची त्रिज्या, वजा अर्धा स्ट्रोक (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव). बाजूने पाहिलं तर मेन आणि पीन एकमेकांवर किती चढलेत, तेवढं अखंड पोलाद सरळ दोघांच्या मधून जातं. १२७५ ला स्ट्रोक ८१.२८ मि.मी., मेन २ इंची. एसच्या पिना १.६२५ इंची, म्हणून ओव्हरलॅप ५.४ मि.मी. आणि माझ्याच इंजिनातून काढून बाकाखाली लोटलेला साधा ए-प्लसचा (ए-सिरीजच्या सुधारित आवृत्तीचा) क्रँक? त्याच्या पिना १.७५ इंची. ओव्हरलॅप जवळपास ७ मि.मी.

धातू कमी दर्जाचा, हे मान्य. पण आकार त्याच्या बाजूने आहे. आकाराचं महत्त्व पाहायचं असेल तर जुना १०९८ सीसीचा ए-सिरीज आठवा: स्ट्रोक ८३.७२, मेन १.७५ इंची, ओव्हरलॅप फक्त १ मि.मी. पुढे त्याच इंजिनाला २ इंची मेन दिले, ते उगाच नव्हे.

म्हातारा बाकाखालून काढला, धुतला. तेलाच्या वाटांत बारीक ब्रश घातला तर डांबरासारखा काळा लगदा निघाला, बोटाच्या पेरभर. पिना स्टँडर्ड साइजच्या, कधीच ग्राइंड न झालेल्या! चारही ठिकाणी, चारही दिशांनी मोजल्या, गोलाईतला फरक अर्ध्या थाऊच्या आत. फिलेट चारही बाजूंनी गुळगुळीत. तीच अंधारी खोली, तोच दिवा, रेघ कुठेच नाही. त्या दिवशी घरी येताना मी शीळ घालत होतो. (मोजमापाबद्दल एक: मितुतोयोचा जुना मायक्रोमीटर परवडला, तर घ्याच. प्लास्टिगेज (बेअरिंगमधली फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा) शेवटची खातरजमा म्हणून ठीक, त्याच्यावर निर्णय घेऊ नका.)

आता अडचण रॉडची. मी मोठ्या हौसेने १.६२५ चे रॉड आधीच घेऊन ठेवलेत. हे लिहितानाच डोक्यात आलं: १.७५ च्या पिना मध्य सरकवून १.६२५ ला ग्राइंड केल्या तर? रॉडही बसतील आणि स्ट्रोक ८४ पर्यंत जाईल, सिलिंडरचा बोअर (व्यास) २० थाऊने वाढवला तर १३३० सीसीच्या पुढे! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. चहा होईपर्यंत मी पिस्टनची उंचीसुद्धा काढायला घेतली होती. मग ओव्हरलॅप पुन्हा मांडला: ४ मि.मी. तडकलेल्या एसच्या क्रँकपेक्षाही कमी. मजबूत क्रँक शोधायला निघालेला माणूस चांगला क्रँक कातून पातळ करतोय. वही मिटली.

तर बेत असा. क्रँक १.७५ चाच राहील, इंजिनाचेच जुने रॉड जोडीला, वजन जुळवून. ग्राइंडिंग नाही. मिठाच्या बाथमधलं नायट्रायडिंग करून घेणार, मग हलकं पॉलिश, कारण त्यात साइज किंचित फुगते. नंतर व्ही-ब्लॉकवर मधला मेन डायल गेजने तपासणार. वाकला असेल तर प्रेसवर सरळ करायचा नाही, कडक थराला तडे जातात. बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी. पुढची पुली रबरी डॅम्परवालीच. ती चकचकीत अल्युमिनियमची हलकी पुली दिसते छान, पण क्रँकची पिळवटणारी थरथर शोषून घेणारी एकमेव गोष्ट काढून फेकायची आणि वर मजबूत क्रँकची चर्चा करायची, हे मला झेपत नाही.

आणि मिनिटाला ७५०० फेऱ्यांचं स्वप्न ६५०० वर आणलं. जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तेवढ्या हजार फेऱ्यांसाठी भार एक तृतीयांश जास्त. रस्त्यावरच्या गाडीला ते कशाला?

मधल्या मेनच्या कॅपवर (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या झाकणावर) पोलादी पट्टी मात्र लावणारच. माझ्याकडे १.६२५ चे रॉड नवे कोरे पडलेत, कोणाकडे पट्टी जादा असेल तर अदलाबदल करू.