फोटोतली तीन वेटोळी

भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे द्राक्षबागेच्या मातीतला ओलावा मोजून तो आकडा बिनतारी पाठवणारे एक लहानसे यंत्र तयार होते. नाशिककडच्या बागांमध्ये ते चार हंगाम चालले आणि त्यानंतर स्पेनमधल्या एका आयातदाराने पहिल्या खेपेसाठी दोनशे नगांची मागणी नोंदवली. यंत्र बनवण्याचे काम माझ्याकडे नाही. ते कोणत्या वारंवारितेवर, किती शक्तीने आणि कोणत्या सुट्या भागांच्या आधारे बोलते, याचा कागदोपत्री पुरावा तयार करणे आणि तो मंजुरीच्या नियमांत बसवणे, हे माझे काम आहे. कारखान्यात या कामाला नुसते 'फाईल' म्हणतात, आणि माल बांधून झाल्यावर शेवटच्या दिवशी करायची गोष्ट अशीच तिची सर्वसाधारण समजूत आहे.

आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये त्याची वरची हद्द ८६८ पर्यंत नेण्यात आली. या पट्ट्यात १ वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती चालते. आमच्या यंत्राची भारतीय आवृत्ती लोरा या लांब पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीच्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ या तीन ठरलेल्या वाहिन्यांवर बोलते, आणि तिच्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या नमुन्याची मंजुरी, आम्ही पूर्वीच घेतलेली होती. युरोपात मात्र याच यंत्राला ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ वर बोलावे लागते, शक्ती २५ मिलिवॅटच्या आत ठेवावी लागते आणि तासाच्या एक टक्क्याहून, म्हणजे ३६ सेकंदांहून, अधिक काळ हवेत राहता येत नाही. त्यामुळे युरोपचा प्रोग्रॅम भरलेला नग भोसरीत अँटेना लावून सुरू करणे हेच आपल्या सवलतीच्या बाहेर जाते. अशा नगाची अँटेना काढून तिथे केबल जोडायची, मध्ये सिग्नल क्षीण करणारा ॲटेन्युएटर घालायचा आणि सिग्नल थेट स्पेक्ट्रम ॲनालायझरमध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती शक्ती आहे ते दाखवणाऱ्या यंत्रात, उतरवायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. नवीन मुलांना तो दोनदा सांगावा लागतो.

युरोपच्या फाईलचे मला पहिल्यांदा जे आश्चर्य वाटले होते ते हे, की ती मंजूर करायला समोर कोणी अधिकारीच बसलेला नसतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशानुसार, संघाने स्वीकारलेली मानके पूर्णपणे पाळली असतील तर अशा यंत्राचा उत्पादक स्वतःच घोषणापत्रावर सही करतो, युरोपचे नियम पाळल्याची खूण म्हणून सीई चिन्ह लावतो आणि तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे सांभाळून ठेवतो. निर्देशाच्या पाचव्या परिशिष्टात त्या कागदपत्रांची यादी दिली आहे. यंत्राचे वर्णन, बाहेरच्या खुणांचे आणि आतल्या मांडणीचे फोटो, अनुपालनावर परिणाम करणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती, सर्किटचे आराखडे, वापराच्या सूचना, चाचणी अहवाल, सगळे त्यात येते. एखाद्या दिवशी तिथल्या बाजार-देखरेख यंत्रणेने फाईल मागितली, तर ती आहे तशी काढून द्यावी लागते. सरकारी टेबलावर निदान कोणीतरी त्रुटी काढून कागद परत पाठवतो. इथे त्रुटी काढणारे आपण आणि सही करणारेही आपणच, हा प्रकार मला अधिक धास्तीचा वाटतो.

ही धास्ती एकदा उपयोगी पडली होती. भारतीय पुस्तिकेत 'नोंद पाठवण्याचा किमान अवधी : १ मिनिट' असे छापलेले होते आणि तेच वाक्य भाषांतर होऊन स्पॅनिश पुस्तिकेत जाणार होते. सर्वांत संथ वेगावर आमचा एक संदेश साधारण दीड सेकंद हवेत राहतो. दर मिनिटाला एक धरला तर तासाला ९० सेकंद होतात आणि परवानगी ३६ सेकंदांची आहे. प्रोग्रॅममध्येच किमान अवधी पंधरा मिनिटांचा करून टाकला आणि पुस्तिका दुरुस्त केली. दहा मिनिटांत निकाल लागला.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी माझ्यापुढे फक्त फोटोंचे काम उरले होते. चाचण्या मार्चमध्ये एका मान्यताप्राप्त लॅबमध्ये झाल्या होत्या. लॅबच्या अहवालात फोटो होते, पण त्या वेळी लेबल ठरलेले नव्हते, त्यामुळे सीई चिन्ह आणि आयातदाराचा पत्ता त्यांत दिसत नव्हता. नवे बाहेरचे फोटो काढायचेच होते, म्हणून त्याच उजेडात आतलेही काढावेत, असे मी ठरवले. खरे सांगायचे तर त्याची सक्ती नव्हती. लॅबचा आतला फोटो नियमाला पुरेसा होता.

शुक्रवारी निघायच्या खेपेतला एक नग स्टोअरमधून घेतला, खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि बाजूला मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी ठेवली. रेडिओच्या भागावरची पत्र्याची टोपी गरम हवेने सैल करून आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचे काम पाहणाऱ्या, विभागातल्या मुलीने उचलून दिली. फोटो काढले, संगणकावर मोठे केले आणि नावे देताना मार्चचा अहवाल शेजारी उघडून ठेवला, कारण दोन्हींत एकाच क्रमाने नावे असावीत एवढाच माझा हेतू होता. अँटेनेकडे जाणाऱ्या वाटेवर तीन इंडक्टर, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करणारे सुटे भाग, ओळीने बसवलेले असतात. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे. मार्चच्या फोटोत त्या तिन्हींवर तांब्याच्या तारेची वेटोळी रिळावरच्या दोऱ्यासारखी स्पष्ट दिसत होती. माझ्या फोटोत त्याच जागी तीन गुळगुळीत राखाडी चौकटी होत्या आणि तारेचा कुठे मागमूस नव्हता.

आधी वाटले, की फोकस चुकला असेल. पट्टीवरच्या खुणा तर धारदार आल्या होत्या. दुसरा नग मागवला, तिसरा मागवला. तिन्हींत तेच.

बिल ऑफ मटेरियल, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांचा तक्ता, उघडले तर तिथे कसलीही विसंगती नव्हती. तिन्ही ओळींत भागाची किंमत (पैशांतली नव्हे, विद्युत मापाची) नॅनोहेन्रीत दिलेली होती, आकार दिलेला होता, आणि नव्या भागांची किंमत व आकार अगदी तेच होते. इंडक्टर तारेच्या वेटोळ्यांचा की एकावर एक थर देऊन केलेला, याची नोंद करणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. तक्ता आणि नवा भाग यांच्यात वाद नव्हता, वाद फक्त दोन फोटोंमध्ये होता.

खरेदी विभागात विचारायला जाण्याआधी मी जोडणीच्या रांगेवर गेले, कारण भिंगाखाली दिवसभर हेच दाणे पाहणाऱ्या ताईंना ते ओळखता येतील असा माझा अंदाज होता. फोटो दाखवल्याबरोबर त्या म्हणाल्या, "मॅडम, ते तारेवाले दिवाळीच्या आधीच संपले. आता हे सपाटवाले येतात. उलट हे बरे, मशीन चटकन उचलतं."

"कोणाला सांगितलं होतं का तुम्ही?"

"आम्हाला कोण विचारतंय? रिळावर नंबर जुळला की लावायचा."

यात त्यांची चूक काढायला जागा नव्हती. खरेदीतल्या काकांचीही फारशी नव्हती. मूळ भागाला पुरवठादाराने अठरा आठवड्यांची मुदत सांगितल्यावर त्यांनी त्याच विद्युत किमतीचा आणि त्याच आकाराचा पर्यायी भाग शोधला होता आणि तसा मेलही टाकला होता. त्या मेलला 'ओके' असे दोन अक्षरी उत्तर देणारा इंजिनिअर डिजिटल सर्किटचे काम पाहणारा होता आणि त्याच्या सर्किटांत अशा बदलाने खरोखरच काही बिघडत नाही.

रेडिओच्या वाटेवर मात्र बिघडू शकते. आरएफवाल्या मुलीने फळ्यावर चित्र काढून मला ते समजावले. ८६८.३ मेगाहर्ट्झवर बोलणारा प्रक्षेपक थोडीशी शक्ती दुपटीवर, म्हणजे १७३६.६ मेगाहर्ट्झवरही सांडतो. ती अडवण्यासाठी मधल्या इंडक्टरला समांतर एक कपॅसिटर जोडून त्या दुपटीच्या वारंवारितेवर एक सापळा केलेला असतो. सापळा किती खोल होईल हे इंडक्टरच्या गुणांकावर, म्हणजे तो किती कमी शक्ती वाया घालवतो यावर, अवलंबून असते. तारेच्या इंडक्टरचा गुणांक चांगला असतो आणि थरांच्या इंडक्टरचा बराच कमी. शिवाय थरांच्या इंडक्टरच्या अंगची छुपी धारिता, म्हणजे कपॅसिटरसारखा गुण, वेगळी असल्याने सापळा आपल्या जागेवरून थोडा सरकतो. कागदावरची किंमत तीच राहते आणि वागणे बदलते.

दुपारी आम्ही तीन नग केबलने ॲनालायझरला जोडले. मार्चच्या अहवालात दुपटीवरचा आकडा उणे ४१ डीबीएम होता; डीबीएम हे शक्तीचे माप आहे आणि उणे आकडा जितका मोठा तितकी शक्ती कमी. आमच्या टेबलावर उणे ३२, उणे ३१.४ आणि उणे ३३ असे आकडे आले. मूळ वारंवारितेवरची शक्तीही पाऊण डीबीने उतरली होती. १ गिगाहर्ट्झच्या वर अशा सांडलेल्या शक्तीची मर्यादा १ मायक्रोवॅट, म्हणजे उणे ३० डीबीएम आहे.

संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये हे आकडे ठेवले. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मर्यादेच्या आत आहे ना? मग अडलं कुठे?"

प्रश्न रास्त होता आणि मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. आमची केबल आणि आमचा ॲनालायझर यांच्यात मिळून दीड-दोन डीबीची चूक सहज असू शकते, त्यामुळे आमच्याकडचे उणे ३१.४ खरोखर मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे ते आम्ही सांगू शकत नाही, हे मी आधी सांगितले. पण माझी खरी अडचण वेगळी होती. समजा, लॅबनेही नवा नग उत्तीर्ण ठरवला असता, तरी फाईलमध्ये उणे ४१ चा आकडा आणि वेटोळ्यांचा फोटो राहिला असता, आणि घोषणापत्रावरची सरांची सही त्या वेटोळ्यांच्या यंत्रासाठी झाली असती. पेटीतून जाणारी दोनशे यंत्रे त्या सहीखाली येतच नव्हती. मी म्हटले, "सर, मी फोटो बदलला तर तो अहवालाशी जुळत नाही, आणि नाही बदलला तर तो मालाशी जुळत नाही. कोणता कागद खोटा ठेवू ते तुम्हीच सांगा."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आयातदाराला फोन लावून शुक्रवारची खेप पुढे ढकलल्याचे सांगितले. फोनवर काय ऐकून घ्यावे लागले ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, पण दरवाजा आतून बंद होता.

पुढचे दोन दिवस चाचणीच्या टेबलावरच गेले. तारेचे सहाशे इंडक्टर त्या आठवड्यात कुठूनही मिळणार नव्हते. म्हणून आरएफवाल्या मुलीने सपाट इंडक्टर गृहीत धरून सापळ्याचा कपॅसिटर बदलायचे ठरवले. एक-एक नवी किंमत लावायची, मोजायचे, पुन्हा काढायचे, असे करत चौथ्या किमतीला दुपटीवरचा आकडा उणे ३८ पर्यंत खाली गेला आणि मूळ शक्तीही जवळपास पूर्ववत झाली. गुरुवारी असा बदललेला नग आम्ही लॅबला पाठवला. संपूर्ण चाचणी पुन्हा करायची गरज नव्हती. शक्ती आणि सांडलेली किरणे, एवढाच भाग लॅबने पुन्हा तपासला आणि अकरा दिवसांनी पुरवणी अहवाल आला, त्यात आकडा उणे ३७.६ होता. त्या अकरा दिवसांत रांगेवरच्या दोन ताईंनी भिंगाखाली दोनशे नगांचे दोनशे कपॅसिटर हाताने बदलले.

दरम्यान मी बिल ऑफ मटेरियलमध्ये दोन रकाने वाढवून घेतले. एकात उत्पादक आणि त्याचा पूर्ण भाग क्रमांक, दुसऱ्यात केवळ होय किंवा नाही. अँटेना, क्रिस्टल, रेडिओची चिप, तिच्यापासून अँटेनेपर्यंतचा प्रत्येक दाणा आणि वरची पत्र्याची टोपी, एवढ्यांसमोर 'होय' लिहिले आहे, आणि 'होय' असलेला भाग माझ्या सहीशिवाय बदलता येत नाही. खरेदीतल्या काकांना हे प्रथम अजिबात आवडले नाही. "आता फाईलवाले आम्हाला खरेदी शिकवणार," असे ते चहाच्या टपरीवर म्हणाले. ते मला ऐकू जावे अशा आवाजातच म्हणाले. त्यानंतर महिनाभराने एका क्रिस्टलच्या पर्यायासाठी ते स्वतः कागद घेऊन आले.

फाईलमध्ये आता हार्डवेअरच्या दोन आवृत्त्या आहेत. 'अ' आवृत्तीखाली मार्चचा अहवाल आणि वेटोळ्यांचा फोटो, 'ब' आवृत्तीखाली पुरवणी अहवाल आणि नवा फोटो. घोषणापत्र 'ब' साठी पुन्हा तयार केले आणि सरांनी ते या वेळी बसून पूर्ण वाचले.

नवा फोटो काढायला मी खेपेतला एक नग पुन्हा खिडकीजवळ नेला. पट्टीच्या कडेला, बदललेल्या कपॅसिटरच्या बुडाशी फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या द्रव्याचा, एक पिवळसर डाग होता आणि डाख, म्हणजे सोल्डरचा सांधा, मशीनसारखा गुळगुळीत न येता किंचित फुगलेला होता. ताई मागे उभ्या होत्या. त्यांना ते खटकले. "मॅडम, थांबा, ब्रशने पुसून देते, मग काढा."

मी विचारले, "बाकीच्या एकशे नव्याण्णवांना पुसणार आहात का?"

त्या हसल्या आणि ब्रश आणायला गेल्या. चार वाजेपर्यंत दोघींनी मिळून सगळे नग पुसून काढले आणि त्यानंतर मी फोटो काढला. त्यात डाग नाही, फुगलेला डाख मात्र आहे.