बागेची नोंद: चौदावा आठवडा, आणि दुधी एकदाचा धरला

पेरणीला आज ९८ दिवस झाले. मागची नोंद पाचव्या आठवड्यातली होती. तेव्हा टोमॅटोची रोपं नुकतीच १४ इंची कुंड्यांत गेली होती आणि दुधीचा वेल मंडपाला टेकला होता. त्यानंतर लिहायचं राहून गेलं, कारण एकामागोमाग एक अडचणी येत गेल्या आणि बहुतेक वेळा माझा हात आधी खताच्या डब्याकडे गेला. त्यातली एकही अडचण खताच्या कमतरतेची नव्हती. तुमच्यापैकी कुणाचा वेल, कुणाचं झाड आत्ता अशाच अवस्थेत असेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात दुधीपासून. बी थेट मोठ्या ड्रममध्येच टोकलं होतं, कारण वेलवर्गीय रोपांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत. थ्रीजी कटिंग केलं: मुख्य वेल मंडपावर पोचल्यावर शेंडा खुडला, बगलफांद्या दहा-बारा पानांच्या झाल्यावर त्यांचेही शेंडे खुडले, म्हणजे त्यांतून तिसऱ्या पिढीच्या फांद्या फुटतात. दुधीला मुख्य वेलावर नर फुलंच जास्त येतात. मादी फुलं हवी असतील तर या तिसऱ्या पिढीच्या फांद्यांची वाट बघायची. त्या आल्या, मादी फुलंही आली, पाठीमागे बोटाएवढा इवलासा दुधी घेऊन. आणि एकेक करून पिवळी पडून गळाली. मी मोजत होतो, नऊ गेली. मी गांडूळखत घातलं, पेंडीचं पाणी दिलं. वेल आणखी हिरवागार झाला, पानं हाताच्या पंजाहून मोठी झाली, गळ मात्र तशीच.

मग एका संध्याकाळी पाणी घालायला उशीर झाला आणि अंधारून येता येता मंडपाखाली गेलो, तर फुलं उमललेली! पांढरीशुभ्र, चुरगळलेल्या मलमलीसारख्या पाकळ्या. इतके दिवस मी सकाळी उन्हं वर आल्यावर जायचो आणि मिटलेली, मलूल फुलं बघून परत यायचो. दुधी संध्याकाळी फुलतो, त्याचं परागीकरण मुख्यतः रात्री फिरणारे पतंग करतात. भोपळा आणि काकडी सकाळी फुलतात, म्हणून मी सगळ्या वेलांना एकच वेळ लावून बसलो होतो. माझ्या मंडपावर पतंग फिरकत नव्हते, एवढंच कारण होतं.

त्याच रात्री हाताने परागीकरण केलं. नर फूल लांब देठासकट तोडायचं, पाकळ्या अलगद मागे सोलायच्या, म्हणजे मधला पुंकेसर उघडा पडतो. बोटाला पिवळी पूड लागली की तो तयार आहे. मादी फुलाच्या मध्यभागी कुक्षी असते, तीन जाड पाळ्यांची, किंचित चिकट. तिन्ही पाळ्यांवर पुंकेसर नीट फिरवायचा. एकाच बाजूला पराग लागला तर त्या बाजूचं बी भरतं आणि फळ वाकडं वाढतं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. देठाला लाल दोरा बांधून ठेवला, नाहीतर कुठलं केलं आणि कुठलं राहिलं ते कळत नाही. चौथ्या दिवशी देठ जाडावलेला दिसला आणि लव असलेला कोवळा दुधी फुगायला लागला. सहा फुलं केली, पाच धरली. पहिला दुधी चौदाव्या दिवशी काढला, नख सहज रुततंय हे बघून.

टोमॅटोच्या बाबतीत खताने नुसता उपयोग झाला नाही असं नाही, उलट नुकसान झालं. पहिल्या घडातल्या फळांचे बुडखे काळे पडले, चामड्यासारखे दबलेले डाग. हा रोग नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं, आणि पाण्याचा मोठा ओघ पानांकडे जातो, कारण बाष्प पानांतून उडतं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात कुंडी एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी चिंब, असा माझा कारभार. नत्र वाढवलं तेव्हा पानं जोमाने वाढली आणि त्यांनी आणखी ओढून घेतलं. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, म्हणून अंड्याची टरफलं पुरण्याआधी आपलं पाणी घालणं तपासा. मी कुंड्यांवर दोन इंच वाळक्या पाल्याचं आच्छादन केलं आणि बोट दोन पेरं मातीत खुपसून, ओल बघून पाणी घालू लागलो. डाग पडलेली फळं सुधारत नाहीत, ती काढून टाकली. तिसऱ्या घडापासून सगळी फळं स्वच्छ आहेत.

मिरचीवर बोकड्या आला, म्हणजे पानं आकसून वळायला लागली. पानं वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी नावाची सूक्ष्म कीड. माझी वर वळलेली होती. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर बारीक पिवळसर किडे पळताना दिसले. लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागच्या बाजूनेही, आठवड्यातून एकदा असं तीनदा फवारलं. नवी पालवी सरळ आली आहे, जुनी पानं तशीच राहतील.

पालक आणि मेथी छान झाली, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

आता लिंबू. तीन वर्षांचं कलम, यंदा नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. इथे मात्र डब्याकडे हात गेला नाही, याचा मला खरंच आनंद आहे. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानांवर दिसते. आणि माती सतत ओली राहिली तर लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडी आडवी करून पाहिली: खालची तिन्ही भोकं मुळांनी गच्च बुजलेली.

चार दिवस पाणी बंद ठेवलंय, म्हणजे मातीचा गोळा सुटून येईल. माती, कंपोस्ट आणि जाड वाळू मिसळून तयार आहे, १८ इंची कुंडीला भोकं पाडून झाली. उद्या ऊन चढायच्या आत काढायचं, काळी पडलेली मुळं कापायची आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं लावायचं.