लीगमधले अकरा जण

फँटसी प्रीमियर लीग (एफपीएल) हा इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलवरचा ऑनलाइन खेळ: खऱ्या खेळाडूंची टीम निवडायची, आणि ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. जगभरात एक कोटीहून जास्त लोक तो खेळतात. आमच्या खासगी लीगमध्ये आहेत बारा. त्यातला एक मी, म्हणजे मागे टाकायचेत ते अकरा जण. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की टीम निवडायची रीतच बदलते. सल्ले देणारे बहुतेक जण जागतिक क्रमवारीचा विचार करून बोलतात: अमुक खेळाडू इतक्या टक्के लोकांकडे आहे, तमुक फारच थोड्यांकडे आहे. पण अर्ध्या जगाने घेतलेला खेळाडू आमच्यात एकट्या मेव्हण्याकडे असेल, तर माझ्या हिशेबात तो मेव्हण्याचा खेळाडू. बाकीचं जग त्यात कुठेच येत नाही.

बजेट सगळ्यांना सारखंच, दहा कोटी पौंड. त्यात १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. एवढ्या चौकटीत बाराही जणांच्या टीममधली सात-आठ नावं तीच येतात. फरक पडतो तो उरलेल्या जागांनी आणि कॅप्टनने, कारण कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात.

म्हणून मी वही ठेवतो. डेडलाइन, म्हणजे टीम बदलायची शेवटची वेळ, उलटली की लीगमधल्या प्रत्येकाची टीम उघडी दिसते, आणि कुणी कुठली चिप (मोजक्याच वेळा वापरता येणारी खास सवलत) कधी वापरली तेही. कोणाकडे कोण, कॅप्टन कोण, चिप कुठली शिल्लक, असे रकाने मी आखलेत. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे, त्यामुळे तक्ते भरायची सवय आहेच. महिनाभर वही भरली की खेळाडूंपेक्षा माणसं जास्त कळायला लागतात.

आमच्या टूलरूमचे साहेब आर्सेनल क्लबचे कट्टर चाहते. म्हणून वैरी क्लब टॉटनमचा खेळाडू ते घेणार नाहीत, चेल्सीचाही नाही. २०२३-२४ मध्ये कोल पामर मँचेस्टर सिटीहून चेल्सीत आला, तेव्हा त्याची किंमत होती फक्त ५.० दशलक्ष पौंड. थोड्याच दिवसांत पेनल्टी तोच घ्यायला लागला. लीगमध्ये त्याने २२ गोल केले, त्यातले ९ पेनल्टीवर, आणि २४४ गुणांसह तो त्या सीझनचा सर्वाधिक गुणांचा खेळाडू ठरला. साहेबांनी त्याला शेवटपर्यंत घेतलं नाही. पेनल्टी कोण घेतं, हे मी तेव्हापासून प्रत्येक क्लबचं लिहून ठेवतो. स्वस्त मिडफिल्डरच्या हाती पेनल्टी आली, तर त्याला घ्यायला माझी काही हरकत नसते, क्लब कुठलाही असो.

भाची लिव्हरपूल क्लबची चाहती. २०२४-२५ मध्ये सालाहने ३४४ गुण केले, एफपीएलमधला एका सीझनचा विक्रम. तिने जवळजवळ दर आठवड्याला त्यालाच कॅप्टन ठेवलं आणि आमची लीग जिंकली. "मामा, सालाहला हलवायचं नसतं," एवढंच तिचं म्हणणं. ते प्रेमापोटी होतं हे खरं, पण त्या वर्षी आकडेही तेच सांगत होते. तिच्याकडून मी शिकलो की चांगल्या खेळाडूवर दर आठवड्याला नव्याने शंका घ्यायची नाही.

मेव्हण्याची द्राक्षबाग आहे पिंपळगाव बसवंतला. डिसेंबरपर्यंत तो आमच्यातला सगळ्यात अभ्यासू. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला आला की मजूर, व्यापारी, क्रेट यातच त्याचा दिवस जातो. टीमकडे बघायला वेळ नसतो, फोनवर नुसतं म्हणतो, "दाजी, यंदा माल चांगलाय." मोफत ट्रान्सफर (खेळाडू बदलायची संधी) आता ५ पर्यंत साठवता येतात, त्याच्या तशा साठतात. तोडणी संपली की तो एकदम पाच खेळाडू बदलतो आणि एप्रिल-मेमध्ये झपाट्याने वर येतो. त्याच्यावर आघाडी घ्यायची ती मार्चच्या आत, आणि ती मोठी हवी.

आता कॅप्टनचा हिशेब, कारण खरा फायदा मला इथेच मिळालाय. समजा माझ्यापुढे असलेल्याकडे आणि माझ्याकडे, दोघांकडेही हालांड आणि साका आहेत. त्याने हालांडला कॅप्टन केलं, मी साकाला. हालांडने दोन गोल मारले, बोनस धरून १३ गुण, साकाचे ८. त्याचे २६ आणि ८ मिळून ३४, माझे १३ आणि १६ मिळून २९. मी हरलो ५ गुणांनी. उलटं झालं, हालांडचे २ आणि साकाचे १३, तर त्याचे १७ आणि माझे २८. मी ११ ने पुढे. पण हालांड माझ्याकडे नसताच, तर पहिल्या उदाहरणात त्याचे २६ गुण थेट माझ्या अंगावर आले असते. म्हणून मागे असलेल्याने मोठा खेळाडू विकून वेगळेपणा दाखवू नये. मोठा खेळाडू ठेवावा आणि कॅप्टन बदलावा. आणि आपण पुढे असलो, तर मागच्याचा कॅप्टन तोच आपला करावा. यात मजा कमी वाटेल, पण आघाडी टिकते.

किमतींच्या मागे मी धावत नाही. चाळीत कांदा ठेवून भाव वाढला तर सगळा फायदा शेतकऱ्याचा. इथे खेळाडू ०.२ दशलक्षने वाढला, तर विकताना ०.१ च हातात येतो. त्यासाठी सोमवारी ट्रान्सफर करायची, आणि बुधवारी तोच खेळाडू चॅम्पियन्स लीगमध्ये लंगडत बाहेर गेला की ४ गुण देऊन दुसरा आणायचा. त्यापेक्षा शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबावं. बहुतेक क्लबच्या मॅनेजरांच्या पत्रकार परिषदा तोवर झालेल्या असतात, आणि कोण सराव करतोय, कोण नाही, ते कळतं.

शनिवारी पहिला सामना तिकडे साडेबाराला असेल, तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेतीनची. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडची घड्याळं मागे गेली की साडेचारची. आमची पहिली पाळी नेमकी साडेतीनला सुटते आणि शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही. त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला माझी टीम शुक्रवारी रात्रीच लागलेली असते. हिवाळ्यात एक तास जास्त मिळतो. सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला घरी जायच्या बसमध्ये मी शेवटच्या बातम्या बघून घेतो.

२०२५-२६ पासूनचा एक नियम मला मनापासून आवडलाय. बचावपटूने क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले की २ गुण. एव्हर्टनचा टार्कोव्स्की वर्षानुवर्षं हेच काम करत आलाय, पण त्या कामाचं त्याच्या नावावर वेगळं काहीच लागायचं नाही. आता लागतं. छोट्या क्लबचा स्वस्त, भरपूर चेंडू अडवणारा सेंटर बॅक (मधला बचावपटू) माझ्या टीममध्ये आता कायमचा असतो.

राहिल्या चिप्स. प्रत्येक चिप आता दोनदा मिळते, पहिला संच १९व्या गेमवीकच्या (सामन्यांच्या फेरीच्या) डेडलाइनआधी वापरायचा, दुसरा नंतर. मार्च-एप्रिलमध्ये कपच्या सामन्यांमुळे वेळापत्रक हलतं आणि काही क्लब एकाच गेमवीकमध्ये दोनदा खेळतात. तोवर दुसऱ्या संचातल्या चिप्स हातात असणाऱ्याचं पारडं जड. वही सांगते की साहेबांचा बेंच बूस्ट (राखीव खेळाडूंचेही गुण धरणारी चिप) संपलाय आणि भाचीचा ट्रिपल कॅप्टनही (कॅप्टनचे गुण तिप्पट करणारी). माझे दोन्ही शिल्लक आहेत. भाची माझ्यापुढे आहे, मेव्हणा बागेत आहे. ट्रिपल कॅप्टन कुणावर लावायचा ते डबल गेमवीकचे सामने जाहीर झाले की ठरवीन, शुक्रवारी संध्याकाळी, पत्रकार परिषदा ऐकून.