चादरीवरची पंधरा मिनिटं

मंगळवार, मे महिना

उन्हाळ्यात सोलापुरात चालायची वेळ ऊन ठरवतं. आठ वाजले की सिद्धेश्वर तलावाच्या काठी पाय टाकवत नाही. पण अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचे सांधे सुजून आखडत जाणारा संधिवात, असलेल्या पाठीची नेमकी पहाटेच पंचाईत असते. रात्रभर पडून राहिल्यावर ती लाकडासारखी होते. ही पाठ विश्रांतीने सुटत नाही, हालचालीने सुटते. शेजारीपाजारी कळकळीने देतात तो ‘जरा पडून राहा’चा सल्ला इथे उलटाच पडतो.

म्हणून उठल्याउठल्या चप्पल घालून निघायचं नाही. आधी अंथरुणातच गुडघे दुमडून डावीउजवीकडे हळू कलते करायचे, दहा-दहा वेळा. मग कढत पाण्याने अंघोळ आणि त्यानंतर मार्जारासन, म्हणजे हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, तेही दहा वेळा, झटके न देता.

सगळ्यात कंटाळवाणा आणि म्हणून सगळ्यात आधी सुटणारा प्रकार म्हणजे पालथं पडणं. गादीत कंबर रुतते, त्यामुळे जमिनीवर जाड सोलापुरी चादरीची चौघडी बरी. उशी नको. मान निम्मा वेळ डावीकडे, निम्मा वेळ उजवीकडे. वळतच नसेल तर कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून नाकाला जागा करायची. सुरुवात पाच मिनिटांनी, मग पंधरापर्यंत. पाठीला पुढे वाकायची ओढ असते, तिला रोज थोडं उलट न्यायचं, एवढंच यात आहे. नंतर बसून तळवे बरगड्यांवर ठेवायचे आणि दहा खोल श्वास घ्यायचे. बरगड्या कण्याला जुळतात तिथले सांधेही आखडतात, त्यामुळे छाती फुगेनाशी होते.

घात होतो तो बऱ्या दिवशी. दुखत नाही म्हणून दुप्पट केलं की पुढचे दोन दिवस जातात. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं नाही, तर उद्या निम्मं करायचं, बंद नाही. आजाराने मणके एकमेकांना जुळलेले असतील तर मात्र उड्या आणि धावणं नको. साधं पडल्यावरही नवीन कळ आली तर एक्स-रे काढायचाच, कारण असा कणा ठिसूळ असतो. या आजारात डोळ्यालाही आतून सूज येऊ शकते, म्हणून डोळा लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

पाठ किती पुढे वाकली ते कळायला महिनाअखेरीस एक माप. टाचा आणि पाठ भिंतीला, हनुवटी सरळ, आणि डोक्यामागे उरलेलं अंतर पट्टीने. हनुवटी वर उचलली की अंतर खोटंच कमी भरतं. माप संध्याकाळी घ्यावं, दर वेळी त्याच भिंतीशी.

वहीतली नोंद एवढीच पुरते: सकाळचा ताठरपणा ४० मिनिटं, पालथं १०, तलावाकाठी अर्धाच पल्ला.